उंबऱ्याच्या आत आलेली बाळंतीण

सर्वांत आधी संपादकांची आणि वाचकांची क्षमा मागतो. आपल्या मासिकात लिहिणारी माणसं शिकली-सवरलेली असतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील घोंगड्या विणतात, आई लोकर कातते. त्यातून माझी शाळा झाली उर्दूत, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो. मी लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. पण हे सांगण्यासारखा जो एक माणूस होता तो आता राहिला नाही, म्हणून धीर करतोय. चुकलं-माकलं पोटात घालावं.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्यात कुणाला ताप आला की आधी देवऋषी येतो, अंगारा लावतो, मग जमलं तर दवाखाना. यावरून मी वडिलांशी भांडलेलो आहे. ते म्हणायचे, "चार बुकं वाचलीस म्हणून बिरोबा खोटा होत न्हाय." मी सायन्सचा विद्यार्थी, मला पुरावा लागतो. पुढे जे लिहितोय त्याचा पुरावा मात्र माझ्याकडे नाही... जे घडलं तेवढं आहे.

ही गोष्ट निजामाचं राज्य होतं तेव्हाची, चार-पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याची. मी हैदराबादला इंटरला होतो, सुट्टीत घरी आलो होतो. आमचं गाव मुरुमच्या जवळ. मुरुमच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा नवे डॉक्टर बदलून आले होते. हैदराबादचे मुसलमान गृहस्थ, वयानं पन्नाशीच्या पुढचे, बोलणं हळू. त्यांना उर्दूशिवाय काही येत नव्हतं, आणि येणारे पेशंट मराठी नाहीतर कानडी बोलणारे. मधे कंपाउंडर बसप्पा. रोगी पाव तास बोलायचा आणि बसप्पा त्याचा तर्जुमा करायचा, "पेट दर्द, साहब." डॉक्टरसाहेब म्हणायचे, एवढा वेळ हा माणूस फक्त पोट पोट म्हणत होता का?

कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. आई आळंदकडची असल्यामुळे कानडी मला घरातच आलेली. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सुट्टीभर रोज येशील का, असं विचारलं. मला पुढे मेडिकलला जायची आशा होती. मी लगेच हो म्हणालो. बसप्पा म्हणाला, "या मास्तर. आता आमच्या तोंडाला कुलूप." पण मनानं तो चांगला होता. जेवताना अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचा.

डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला नियम घालून दिला. "जितना वो कहे, उतना तुम कहो. न कम, न ज्यादा." दुसरा नियम असा की 'ती म्हणते', 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही. रोगी 'माझं डोकं दुखतंय' म्हणाला तर मीही 'मेरा सर दुखता है' असंच म्हणायचं, म्हणजे रोगीच आपल्याशी बोलतोय असं वाटतं. याची मला फार लाज वाटायची. एकदा एक बाई तिच्या बाळंतपणाचं सांगत होती आणि मी मान खाली घालून म्हणत होतो, मुझे बच्चा हुआ, मुझे दूध नहीं आता... बाहेर ओसरीवर बसप्पा पुड्या बांधता बांधता हसून लोळायला आला. नंतर किती दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमचं मास्तर बाळंत झालं."

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढच्या गोष्टीला ती लागते. बाई बोलायला लागली की डॉक्टरसाहेब तिच्याकडे बघत नसत. टेबलावरच्या कागदाकडे बघत ऐकायचे. म्हणायचे, मी डोळे वर केले की यांची जीभ थांबते. आणि रोग्याचं बोलून संपलं असं वाटलं की जरा गप्प राहून विचारायचे, "और कुछ?" मी म्हणायचो, "आणखी काही?" पुष्कळदा खरं दुखणं त्यानंतरच बाहेर यायचं. काहीजण तर उठून उंबऱ्यापर्यंत जायचे, तिथून मागं वळायचे आणि मग सांगायचे. म्हणून माझं स्टूल त्यांनी मुद्दाम दाराजवळ ठेवलं होतं. जाणाऱ्याला कुणीतरी ऐकायला असावं, म्हणून.

त्या दिवशी गर्दी ओसरली होती. ऊन चांगलंच तापलेलं. दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली एक गाडी येऊन थांबली, बैलगाडी, वर तट्ट्या, पुढं-मागं पडदा. एक म्हातारी उतरून आत आली. आळंदच्या बाजूच्या एका खेड्यातलं शेतकरी कुटुंब. पहाटेच निघाले होते. म्हातारीला आपण गंगव्वा म्हणू, खरं नाव लिहीत नाही. तिची सून शांतव्वा हिचं बाळंतपण होऊन आठवडा झाला होता, ती आणि बाळ गाडीत होते. मुलगा, म्हणजे शांतव्वाचा नवरा, बैलांपाशी उभा.

गंगव्वानं सगळं नीट सांगितलं. पहिलटकरीण, बाळंतपण जड गेलं, सुईण चांगली होती. तीन दिवसांपासून अंगात कणकण, अन्न जात नाही, बोलत नाही. अशक्तपणा असेल. मी शब्द न् शब्द उर्दूत सांगितला. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, बाळ कसं आहे? तेव्हा म्हातारीचा चेहरा उजळला. म्हणाली, "लेकरू लई गुणाचं हाय. रडत न्हाय, काय न्हाय. गुमान निजतंय." डॉक्टरसाहेब मान खाली ठेवूनच हसले.

सुनेला आत आणा, असं त्यांनी सांगितलं. म्हातारीनं हात जोडले. आमच्या भागात बाळंतिणीचा सुवेर फिटेपर्यंत ती दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. ओलांडला तर तिला बाधतं आणि त्या घरालाही बाधतं, असं मानतात. डॉक्टरसाहेब म्हणाले, हरकत नाही, मी गाडीपाशी येतो. ते उठून ओसरीच्या पायरीपर्यंत आलेही. तेव्हा म्हातारी त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते, कितीतरी रात्री झोपली नसावी. हळूच म्हणाली, "साहेब, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. तीन रात्री तळमळली. तिला उठवू नका."

डॉक्टरसाहेब पायरीवर थांबले. गाडीचा पडदा बंद होता, आत अगदी शांत. ते मागं फिरले. औषध दिलं आणि उन्हं कलली की मी स्वतः गावात येऊन बघतो, असं सांगितलं. शेवटी नेहमीप्रमाणे विचारलं, "और कुछ?" गंगव्वा म्हणाली, काही नाही. ती गेली. गाडी हलल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर थोडाच वेळ गेला असेल. डॉक्टरसाहेब लिहीत बसले होते. मी स्टुलावर. ओव्याचा आणि धुरीचा वास आला, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. मी मान वळवली तर दारात एक बाई उभी होती. उंबऱ्याच्या आत. कानावरून फडकं घट्ट बांधलेलं, जुन्या धोतराचं असावं, लाल काठाचं. हिरव्या बांगड्या. एक हात चौकटीवर. चेहरा अगदी पांढरा पडलेला.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. उलट बरं वाटलं. वाटलं, सुनेला जाग आली, सासूला न जुमानता ही परत आली. मी म्हणालो, "बसा." ती बसली नाही. माझ्याकडेच बघत बोलायला लागली. आवाज बारीक होता पण स्पष्ट, थोडं कानडी, थोडं मराठी. मी सवयीनं मागोमाग उर्दूत सांगायला लागलो. मुझे जाड़ा देकर बुखार आता है... डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता नवा कागद पुढे ओढला.

ती म्हणाली ते इथं मराठीत लिहितो; अत्ती म्हणजे सासू. "बाळंत झाल्यापासनंच थंडी वाजून ताप येतोय. ओटीपोटात आग पडलीया. अंगावरनं जातंय त्याला वास येतोय. अत्तीला सांगितलं न्हाय. ती म्हातारी माझ्यापायी रातंदिस जागती, आणखी काय सांगू तिला."

मी सगळं सांगितलं, 'मेरा', 'मुझे' म्हणत. डॉक्टरसाहेबांचं लिहिणं थांबलं. मग कागदाकडे बघतच ते म्हणाले, "और कुछ?"

मी विचारलं, "आणखी काही?"

तिचा चौकटीवरचा हात तसाच. मग म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. लेकराला अफू देत्यात. भुकेनं रडत व्हतं म्हणून. कालपासनं त्यानं डोळं उघडलं न्हाईत. त्याला बघा."

मेरा रहने दीजिए, मी म्हणालो. मेरे बच्चे को अफीम देते हैं...

डॉक्टरसाहेबांनी झटकन मान वर केली. मीही त्यांच्याकडे बघत होतो, त्यामुळे ती कधी गेली ते मला दिसलं नाही. दार रिकामं होतं. ते म्हणाले, "रोको उसको." मी ओसरीवर धावलो. बसप्पा दाराला लागूनच बसला होता, त्याला ओलांडल्याशिवाय कुणाला आत-बाहेर करता येत नसे. मी विचारलं, बाई कुठं गेली?

"कोन बाई?" तो म्हणाला. "मास्तर, तुमी एकलेच बोलत व्हता. म्या म्हनलं, साहेबांस्नी कायतरी वाचून दावत असतील."

लिंबाखाली कुणी नव्हतं. गाडी केव्हाच वेशीबाहेर गेली होती.

डॉक्टरसाहेब बॅग घेऊन बाहेर आले. दारातून येताना थबकले आणि म्हणाले, इथं अजवाइनचा वास कसा येतोय? मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसलो. या वयाचा माणूस उन्हात एवढ्या जोरानं सायकल मारू शकतो, हे मला माहीत नव्हतं. ओढ्याच्या अलीकडे गाडी गाठली.

नवऱ्यानं बैल थांबवले. डॉक्टरसाहेबांनी पडदा बाजूला केला. गंगव्वा एका कडेला बसली होती. शांतव्वा कुशीवर, पांघरुणाखाली, आणि तिच्या पोटाशी बाळ. म्हातारी म्हणाली, "हळू बोला, ती निजलीया."

त्यांनी आधी बाळ उचललं. का ते मला माहीत आहे. तिनं तेच सांगितलं होतं. बाळाची पापणी उघडून पाहिली, बुबुळातला काळा ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा झालेला. श्वास मधेच थांबायचा, मग कधीतरी एकदा यायचा. ओठ निळे. डॉक्टरसाहेब तिथं रस्त्यावरच्या फुफाट्यात गुडघे टेकून बसले, बाळाच्या तोंडाला तोंड लावून हलके हलके फुंकर घालायला लागले. मला तळपायावर टिचक्या मारायला सांगितलं. मी मारत राहिलो. नवरा "काय झालं, काय झालं" म्हणत नुसता भोवती फिरत होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. माझ्या बोटांना मुंग्या आल्या.

मग बाळ रडलं. मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. पुन्हा रडलं, जरा मोठ्यानं.

त्या रडण्यानं आम्हा सगळ्यांचे चेहरे फुलले. आणि मग माझं लक्ष गंगव्वाकडे गेलं. ती बाळाकडे बघत नव्हती. सुनेकडे बघत होती. लेकरू रडतंय आणि आई हलत नाही, कूस बदलत नाही... म्हातारीनं हात पुढं केला, सुनेच्या गालाला लावला आणि तसाच ठेवला. तिनं ओरडायला हवं होतं असं मला वाटलं. ती ओरडली नाही.

डॉक्टरसाहेबांनी जाऊन पाहिलं. मीही पाहिलं. कानावरून फडकं बांधलेलं होतं, लाल काठाचं.

थोड्या वेळानं म्हातारीनं मला विचारलं, "अफूचं तुमाला कुनी सांगितलं? म्या घरात दार लावून देत व्हते. माझ्या लेकालाबी ठाव न्हाय." मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मी म्हणालो, तुमच्या सुनेनं सांगितलं. ती म्हणाली, "ती तीन दिस झालं बोलली न्हाय." मग पुन्हा म्हणाली, आपल्याशीच, "मला न्हाय बोलली."

तिला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सुनेला दूध नव्हतं. बाळ रडलं की सून उठून बसायची. सुनेला झोप मिळावी म्हणून तिनं बाळाला झोपवलं. आमच्याकडे कामाला जाणाऱ्या बाया पोरांना अफूची बारीक गोळी देतातच, त्यात विशेष काही नाही. तिनं तीन रात्री जागून दोघांनाही जपलं, आणि दोघंही तिच्या डोळ्यांदेखत निजत गेली.

परतताना डॉक्टरसाहेब सायकल हातात धरून चालत होते. गाडी शांतव्वाला घेऊन गावाकडे गेली होती; बाळावर नजर ठेवायला हवी म्हणून त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं, ते माझ्या हातात. त्यांनी मला विचारलं, ती खरंच दारात आली होती का? मी म्हणालो, हो. ते म्हणाले, तिचा जबडा आवळला होता, हात कडक झाले होते. गाडी लिंबाखाली थांबली तेव्हाच ती गेलेली असणार, कदाचित त्याच्याही आधी, वाटेत. ओढा दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "मैंने सास की हर बात सुनी. एक लफ्ज नहीं छोड़ा. बस, मरीज वो नहीं थी."

त्यांनी फक्त माझंच बोलणं ऐकलं होतं. तिचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. कधीकधी मला वाटतं, मी उन्हात अर्धवट झोपेत बडबडलो असेन. पण मग अफू? ती माझ्या डोक्यात कुठून आली? आणि ते लाल काठाचं फडकं, आणि ओव्याचा वास, जो डॉक्टरसाहेबांनाही आला? मी यावर पुष्कळ विचार केलाय. हॉस्टेलमधल्या सायन्सच्या मित्रांनाही विचारलं. कुणी हसलं, कुणी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

बसप्पाची मुलगी त्याच वेळी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनं त्या बाळाला आपल्या बाळाबरोबर अंगावर पाजलं. काही दिवसांनी गंगव्वा येऊन त्याला घेऊन गेली. तेव्हाही ते फार अशक्त होतं, नीट ओढून पीत नव्हतं, आवाज ऐकून दचकतही नव्हतं. डॉक्टरसाहेबांना मेंदूची काळजी वाटत होती. अफूनं श्वास थांबत होता, तेवढ्यात काय झालं असेल कुणास ठाऊक. जगेल का, आणि जगलं तर बोलेल-चालेल का, ते काही सांगू शकत नव्हते.

त्या दिवसानंतर एक झालं. दवाखान्यासमोर गाडी थांबली की डॉक्टरसाहेब कुणाचंही ऐकून घेण्याआधी स्वतः खाली उतरायचे, पडदा बाजूला करून आतल्या माणसाला आधी विचारायचे. मी असेन तर मी सोबत. नसेन तेव्हासाठी एक वाक्य त्यांनी माझ्याकडून शिकून घोकून ठेवलं होतं, "तुम्ही सांगा. मी ऐकतो." त्यांना मराठीत तेवढंच येत होतं.

मी हैदराबादला परत गेलो. त्यांची पत्रं यायची. शेवटी नेहमी हेच, उस बच्चे की कोई खबर? मी सुट्टीत चौकशी करायचो. पण ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं. पुढे दिवस फार वाईट आले, आपण सगळ्यांनी ते पाहिलेत. कोण कुणीकडे पळालं, कोण सोलापूरकडच्या कँपात राहिलं, कोण राहिलंच नाही. पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतरच्या धामधुमीत डॉक्टरसाहेबांनाही मुरुम सोडावं लागलं. बसप्पानं त्यांना आपल्या घरात लपवलं आणि मग गाडीत पडदा लावून बाहेर काढलं, असं मी ऐकलं. मी पुष्कळ शोधल्यावर हैदराबादला त्यांच्या भाच्याची गाठ पडली. मामू गेल्या हिवाळ्यात वारले, असं त्यानं सांगितलं. आजार लहानच होता. जाण्याआधी दोन दिवस दाराकडे बघून कुणाशी तरी बोलत होते. कुठली जबान होती ते घरात कुणाला कळलं नाही. भाच्याला आठवत होतं तेवढं त्यानं मला म्हणून दाखवलं. मोडकंतोडकं मराठी होतं, पण मला कळलं.

त्यानंतर या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्या महिन्यात, मी घरी आलो तेव्हा बसप्पा मुद्दाम चालत आमच्या गावापर्यंत आला. आता तो थकलाय. घोंगडीवर बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "मास्तर, आळंदच्या बाजारात गंगव्वा भेटली. पोरगं संगंच व्हतं."

मी विचारलं, कसं आहे?

"बरं हाय. चालतंय, पळतंय. आन बोलतंय, लई बोलतंय. सकाळी तोंड उघडलं की दिस बुडस्तवर मिटत न्हाय. बाजारात माझं डोकं उठवलं त्यानं. म्या म्हनलं, गप रं जरा. तर म्हातारी माझ्यावरच डाफरली. त्याला गप म्हनायचं न्हाय, म्हनली. घरात समद्यांस्नी ताकीद हाय तिची. ते बोलाया लागलं की हातातलं काम खाली ठिवती आन त्याचं संपस्तवर ऐकत बसती."